सफरचंद शिजवताना कुठलं टिकतं, कुठलं विरघळतं आणि का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच भांड्यात, तेवढ्याच आचेवर, तेवढाच वेळ शिजवलेल्या दोन सफरचंदांपैकी एकाचा गाळ होतो आणि दुसऱ्याच्या फोडी तशाच राहतात, हे कसं काय?

कारण शिजताना सफरचंदात दोन वेगळ्या गोष्टी होत असतात आणि आपण त्या एकच समजतो. पहिली होते साधारण ६० अंशांच्या आसपास (इथे सगळीकडे अंश म्हणजे सेल्सिअस). सफरचंदाची प्रत्येक पेशी पाण्याने गच्च भरलेली असते आणि त्या आतल्या दाबामुळेच चावताना ते करकर वाजतं. उष्णता लागली की पेशीच्या आतला पातळ पडदा निकामी होतो, पाणी बाहेर झिरपतं, दाब गेला. इथपर्यंत सगळी सफरचंदं सारखीच, करकरीतपणा प्रत्येकाचाच जातो, कुठलीही जात घ्या.

खरा फरक दुसऱ्या टप्प्यात. पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, विटांच्या मधलं सिमेंट समजा, आणि तापमान उकळीच्या जवळ जायला लागलं की हे पेक्टिन हळूहळू सुटतं. ज्या जातीत ते पटकन सुटतं तिच्या पेशी एकमेकींपासून मोकळ्या होतात आणि फोडीचा गर होतो. ज्या जातीत ते चिवट असतं तिची फोड मऊ पडते पण आकार सोडत नाही. पेक्टिन किती आहे, कुठल्या प्रकारचं आहे, त्याला कॅल्शियमने किती बांधून ठेवलंय, फळात आम्ल किती, पेशी केवढ्या, मधे हवा किती, फळ किती पिकलंय, या सगळ्यावर ते ठरतं. म्हणून "सफरचंद किती मिनिटं शिजवायचं" याला एकच उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि जी रेसिपी जात न सांगता नुसती मिनिटं सांगते तिच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

म्हणजे खाताना जे जास्त कडक लागतं तेच शिजवल्यावर टिकणार ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. खाताना जो कडकपणा जाणवतो त्यात पेशीतल्या दाबाचा मोठा वाटा असतो आणि तो दाब तर पहिल्या काही मिनिटांतच संपतो. नंतर टिकवायचं काम पेक्टिन करतं आणि दाताला त्याचा पत्ता लागत नाही. ब्रॅमली नावाचं इंग्लंडचं सफरचंद कच्चं असताना चांगलं टणक असतं, पण भांड्यात गेलं की थोड्याच वेळात फुगून फेसासारखा गर होतो. उलट गोल्डन डिलिशियस तसं नरम, साल पातळ, जरा आपटलं की डाग पडतो, आणि तरी ओव्हनमधून निघाल्यावर तिच्या फोडी मोजता येतात.

बरं मग कुठली जात कशाला घ्यायची ते सरळ सांगा ना.

सांगतो, पण हे अंदाज आहेत असं धरून चाला कारण फळ किती जुनं आहे यावर बरंच बदलतं.

फोडी अख्ख्या हव्या असतील, म्हणजे पाय (पिठाच्या कवचात फळ भरून भाजलेला इंग्लिश गोड पदार्थ), टार्ट (तसाच, पण वरून उघडा), पॅनमध्ये परतलेल्या फोडी वगैरे, तर गोल्डन डिलिशियस, ब्रेबर्न, पिंक लेडी, हनीक्रिस्प, जोनागोल्ड यातलं काहीही चालेल. ब्रेबर्न आणि पिंक लेडीत आंबटपणा पण चांगला असतो त्यामुळे चवही टिकते, माझी पहिली पसंती तीच. फुजी आणि गाला गोड असतात, फुजीची फोड बऱ्यापैकी उभी राहते पण आंबटपणा कमी असल्याने शिजवल्यावर नुसती गोड गोड लागते, तिला लिंबाची साथ लागतेच. गाला तिच्यापेक्षा लवकर मऊ पडते.

गर हवा असेल, म्हणजे सॉस, प्युरी, बाळाचं खाणं, तर मॅकिन्टॉश किंवा ब्रॅमली. मॅकिन्टॉश तर असं विरघळतं की चमच्याने दाबायचीही गरज पडत नाही. ही जात कॅनडातली, जॉन मॅकिन्टॉश नावाच्या शेतकऱ्याला १८११ च्या सुमारास जमीन साफ करताना रानटी रोपं सापडली त्यातली.

ग्रॅनी स्मिथ मधलं. आंबट, हिरवं, जवळपास सगळ्या इंग्लिश रेसिप्यांत तेच लिहिलेलं असतं. फोडी ठीकठाक टिकतात पण फार वेळ ओव्हनमध्ये राहिली तर कडा विरतात आणि मधे मधे लगदा होतो. वाईट नाहीये, पण "बेकिंगसाठी बेस्ट" ही जी ख्याती आहे ती आकारापेक्षा तिच्या आंबटपणाची जास्त आहे असं मला वाटतं.

रेड डिलिशियस शिजवायला घेऊ नका. जाड कडवट साल, आम्ल कमी, शिजवलं की चव पळते आणि पोत पिठूळ. दिसायला लालभडक असतं हे खरं, पण शिजवताना तो लाल रंग काही कामाचा नाही.

आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन जाती मिसळा, एक टिकणारी आणि एक विरघळणारी. विरघळलेली जात दाट रसाचं काम करते आणि टिकलेल्या फोडी त्यात बसतात, वेगळा घट्टपणा आणायला कमी काही घालावं लागतं.

आंबट सफरचंद असलं की ते टिकतं असं ऐकलंय?

अर्धवट खरं आहे. आम्लामुळे पेशींच्या भिंती मऊ व्हायला जास्त वेळ लागतो हे बरोबर आहे, म्हणून शिजताना लिंबू पिळलं की फोडी थोड्या जास्त वेळ धरून राहतात. पण नुसत्या आंबटपणावरून जात ओळखता येत नाही. ग्रॅनी स्मिथ आंबट आणि बऱ्यापैकी टिकणारी, ब्रॅमली तिच्याहून आंबट आणि तरी पार विरघळणारी. गोल्डन डिलिशियस गोड आणि टिकणारी. आंबटपणा बघायचा तो चवीसाठी, टिकण्यासाठी नाही.

फोडी आधी कोमट शिजवून मग बेक केल्या की कमी मऊ होतात असं कुणीतरी म्हणालं. दोनदा शिजवून कमी शिजतं? काहीतरीच!

ऐकायला उलटं वाटतं पण हे खरं आहे आणि या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची युक्ती हीच आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

सफरचंदात पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असतं. साधारण ५५ ते ७० अंशांमधे ते जोरात काम करतं आणि पेक्टिनच्या साखळीवरचे काही छोटे गट छाटून टाकतं. ते गेले की तिथे कॅल्शियमला चिकटायला जागा मिळते, आणि कॅल्शियम शेजारशेजारच्या दोन साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. फळात थोडं कॅल्शियम मुळातच असतं, बाहेरून घालावं लागत नाही. एकदा हे बांधलं गेलं की नंतर तुम्ही १०० अंशाला नेलं तरी ते सहज सुटत नाही. पण फोडी सरळ उकळीत टाकल्या तर तापमान या पट्ट्यातून इतक्या पटकन वर जातं की एन्झाइमला वेळच मिळत नाही, ८० च्या वर गेलं की ते स्वतःच निकामी होतं, आणि मग पेक्टिन वाचवायला कुणी उरत नाही.

घरी करायचं कसं: फोडींना थोडी साखर आणि लिंबू लावून जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून एकदम मंद आचेवर ठेवा, अधूनमधून हलवा, बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत, वाफ दिसली की आच अजून कमी करा. पंधरा-वीस मिनिटं, फोड वाकायला लागेपर्यंत पण तुटायला नको. थर्मामीटर असेल तर ६५ च्या आसपास धरा. दुसरी आळशी पद्धत म्हणजे फोडींवर उकळतं पाणी ओतून झाकून दहा मिनिटं ठेवायचं आणि निथळायचं, गार फोडींमुळे पाण्याचं तापमान लगेच खाली येतं आणि बरोबर हव्या त्या पट्ट्याच्या आसपास रेंगाळतं. यात थोडी चव पाण्याबरोबर जाते म्हणून मला पहिली पद्धत आवडते, पण घाईत दुसरी बरी.

दोन्हीनंतर फोडी पूर्ण गार करून मगच पुढे वापरा. गरम फोडी कच्च्या पिठाच्या पोळीवर पडल्या तर त्यातलं लोणी वितळतं आणि पायचं सगळं बुड ओलं होतं.

आणि हो, मॅकिन्टॉशवर ही युक्ती चालवून बघू नका. थोडा फरक पडेल पण मॅकिन्टॉश ते मॅकिन्टॉशच.

अॅपल पाय कापला की वरचं कवच आणि फोडी यांच्यात मोठी पोकळी दिसते, आणि खाली पाण्याचं तळं. काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, सफरचंदात हवाच एवढी असते. फळाच्या आकारमानातला जवळपास चौथा हिस्सा हवा असते, पेशींच्या मधल्या फटींमधे अडकलेली, म्हणून तर सफरचंद पाण्यावर तरंगतं. शिजलं की ती हवा निघून जाते आणि फोडी खाली बसतात. वरचं कवच मात्र त्याआधीच कडक होऊन तिथेच थांबलेलं असतं, झाली पोकळी. आणि पाणी तर फळात ८५ टक्क्यांच्या आसपास असतं, पेशी फुटल्या की ते कुठेतरी जाणारच.

वरची कोमट शिजवायची युक्ती केली तर हे दोन्ही प्रॉब्लेम एकदम सुटतात कारण हवा आणि बरंचसं पाणी आधीच बाहेर येतं. सुटलेला रस फेकू नका, वेगळा आटवून दाट करा आणि परत फोडींवर घाला, खरी चव त्यातच असते. फोडी दाबून भरा, फटी ठेवू नका, कवचाला वर चिरा द्या.

घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, आंबट रसात ते फार वेळ उकळलं की परत पातळ व्हायला लागतं कारण आम्ल स्टार्चच्या साखळ्या तोडतं. टॅपिओकाचा स्टार्च चकचकीत पारदर्शक होतो, मैदा गढूळ दिसतो पण चालतो. काहीही घाला, मधे बुडबुडे दिसेपर्यंत बेक झालंच पाहिजे, नाहीतर कच्च्या पिठाची चव येते. आणि कापायची घाई नको, गार होताना ते घट्ट होतं.

साखर आधी घालू की नंतर?

काय हवंय त्यावर. फोडी अख्ख्या हव्या तर साखर आधी, किंवा सरळ पाकातच शिजवा. साखरेमुळे पेक्टिन विरघळायला मोकळं पाणी कमी मिळतं, फोडी घट्ट राहतात आणि थोड्या पारदर्शक दिसायला लागतात. गर हवा असेल तर आधी नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवा, मोडून घ्या, साखर सगळ्यात शेवटी. साखर सुरुवातीला घालून मग "अर्धा तास झाला तरी फोडी मोडत नाहीयेत" अशी तक्रार करणारे खूप भेटतात.

साखर लावून नुसतं ठेवलं तरी अर्ध्या तासात पाणी सुटतं, तो वेगळा प्रकार. तिथे साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेते. पायसाठी तोही एक बरा उपाय आहे, वेळ असेल तर.

लिंबू, मीठ, खायचा सोडा, यांनी काय होतं?

लिंबाचं वर आलंच, थोडं घट्ट ठेवतं, काळं पडू देत नाही आणि गोड जातींची चव सुधारतं. चिमूटभर मीठ चवीला घाला, पोताला त्याचा फारसा उपयोग नाही.

सोडा नको. सोड्यासारखा अल्कली मिळाला की पेक्टिन फार वेगाने तुटतं, फोडीचा मिनिटांत चिखल होतो आणि चव साबणासारखी. गर पटकन करायचा म्हणून सोडा घालायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, नुसतं झाकण ठेवून पाच मिनिटं जास्त शिजवा.

पाणी जड असेल, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं, तर फोडी जरा उशिरा मऊ होतात. डबाबंद फोडी बनवणारे कारखाने कॅल्शियम क्लोराइड मुद्दाम घालतात ते याचसाठी.

फ्रिजमधली जुनी सफरचंदं पिठूळ झालीत. शिजवून वापरता येतील?

गर करायला बिनधास्त वापरा. फोडी टिकायची अपेक्षा ठेवू नका.

पिठूळ म्हणजे काय तर पेशींना जोडणारं पेक्टिन फळात आपोआपच ढिलं पडलंय, त्यामुळे चावताना पेशी फुटून रस यायच्या ऐवजी पेशी नुसत्या एकमेकींपासून सुटतात आणि रस आतच राहतो, म्हणून कोरडं लागतं. म्हणजे शिजवताना जे होणार असतं त्यातलं निम्मं काम आधीच झालेलं असतं. शिवाय साठवणीत आम्लही कमी होत जातं, फळ श्वास घेताना ते वापरून टाकतं, त्यामुळे जुनं फळ जास्त गोड आणि मिळमिळीत लागतं. लिंबू जरा हात सैल सोडून घाला.

आणि म्हणूनच एकाच जातीचं फळ तोडणीनंतर लगेच वेगळं वागतं आणि पाच-सहा महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहून आलेलं वेगळं. कमी ऑक्सिजनच्या थंड खोल्यांत सफरचंदं कित्येक महिने ठेवतात, बाहेरून बघून काही कळत नाही. बाहेर टोपलीत ठेवलेलं फळ फ्रिजपेक्षा कितीतरी पटकन नरम पडतं, तेव्हा शिजवायला आठवडाभर वेळ असेल तर फ्रिजमध्येच टाका.

चिरल्यावर काळं पडतं, मग शिजताना का नाही पडत?

काळं पडणं हे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचं काम. चिरलं की पेशी फुटतात, एन्झाइम आणि फळातली फिनॉल नावाची द्रव्यं समोरासमोर येतात, हवेतला ऑक्सिजन मिळाला की तपकिरी रंग तयार. उष्णतेने हे एन्झाइम मरतं, ८० अंशांच्या वर तर लवकरच. पण फोडी गार पाण्यापासून हळूहळू तापवल्या तर मधल्या वेळात त्या काळ्या पडून घेतात आणि एकदा आलेला रंग परत जात नाही. पांढराशुभ्र गर हवा असेल तर चिरल्या चिरल्या लिंबाच्या पाण्यात टाका आणि मग थेट वाफाळत्या भांड्यात.

हो, हे कोमट शिजवायच्या युक्तीच्या बरोबर विरुद्ध आहे. तिथे लिंबू घालायचं एक कारण हेही.

लोखंडी कढईत सफरचंद शिजवू नका, फळातली टॅनिनसारखी द्रव्यं लोखंडाशी मिळून काळपट रंग आणि धातूची चव देतात. साधं अॅल्युमिनियमही आंबट पदार्थाला नको. स्टील किंवा नॉनस्टिक उत्तम.

शिजवल्यावर सफरचंदाची चवच लागत नाही, नुसतं गोड लागतं. का?

ताज्या सफरचंदाचा जो वास असतो तो हेक्झिल अॅसिटेट, ब्युटिल अॅसिटेट असल्या हलक्या एस्टरांचा, म्हणजे सुवासिक द्रव्यांचा, आणि ही सगळी वाफेबरोबर उडून जातात. साखर आणि मॅलिक आम्ल मात्र उडत नाहीत, ती तिथेच राहतात. म्हणजे शिजवल्यावर हातात उरतं काय, तर गोड आणि आंबट यांचं प्रमाण. ज्या फळात आंबटच नव्हतं ते वासाच्या जोरावर कच्चं छान लागत होतं, वास गेला आणि उघडं पडलं. म्हणून शिजवायला आंबट फळ घ्या असं जे सांगतात त्याचं खरं कारण हे आहे.

शिजवताना काही नवे वासही तयार होतात बरं का, बीटा-डॅमॅसेनोन नावाचं द्रव्य त्यातलं मुख्य, त्या मधाळ, गुलाबाकडे झुकणाऱ्या वासामुळेच शिजलेलं सफरचंद ओळखू येतं. झाकण ठेवून कमी वेळात शिजवलं तर जुना आणि नवा दोन्ही वास थोडे थोडे मिळतात. तासभर आटवलं तर फक्त नवा.

साल काढू की ठेवू?

सालीवर मेण आणि खाली दाट पेशी असतात, ती गराएवढी मऊ कधीच होत नाही. पायमध्ये साल ठेवली तर फोड खाऊन झाल्यावर तोंडात चिवट पट्टी राहते, मला नाही आवडत, काहींना चालते. पॅनमध्ये पटकन परतायच्या फोडींना साल असेल तर त्या कमी मोडतात, तिथे ठेवा.

सॉस करताना मात्र सालीसकट आणि गाभ्यासकट शिजवून नंतर चाळणीतून दाबून काढा. वास आणि पेक्टिन दोन्ही सालीच्या आसपास आणि गाभ्यात जास्त असतं, शिवाय लाल सालीचा रंग आंबट गरात उतरून सुंदर गुलाबी होतो. हा रंग अँथोसायनिनचा, फार वेळ उकळलं तर तो तपकिरी होतो, म्हणून गुलाबी दिसला की थांबा. बिया अख्ख्या राहिल्या तर चाळणीत अडकतात, काळजी नाही, फक्त मिक्सरमधून बियांसकट फिरवू नका कारण त्यात अमिग्डलिन असतं, बी फुटली की त्यातून थोडंसं सायनाइड तयार होतं आणि कडवटपणा तर येतोच.

अख्खं सफरचंद ओव्हनमध्ये ठेवलं की फुटतं.

आतली हवा फुगते, पाण्याची वाफ होते आणि साल काही ताणली जात नाही. फळाच्या मधोमध कमरेभोवती सालीवर सुरीने एक बारीक चीर गोल फिरवा आणि गाभा वरून कोरून काढा, तळ फोडू नका. १८० अंशाला आकारानुसार ३५ ते ५० मिनिटं. इथे मॅकिन्टॉश घेतलंत तर ताटलीत नुसती साल आणि गर मिळेल.

पॅनमध्ये परतताना सोनेरी होत नाहीत, उकडल्यासारख्या होतात.

गर्दी. फोडींचं पाणी सुटतं आणि जोवर पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही, रंग यायला त्याहून जास्त लागतं. रुंद पॅन, एकच थर, मोठी आच, आणि पहिली दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. सफरचंदातली निम्म्याहून जास्त साखर फ्रुक्टोज असते आणि ती ११० अंशांच्या आसपासच कॅरॅमल व्हायला लागते, साध्या साखरेला १६० च्या वर जावं लागतं. म्हणून एकदा पाणी आटलं की रंग अचानक येतो आणि तितकाच अचानक करपतो, लक्ष ठेवा.

मायक्रोवेव्ह किंवा प्रेशर कुकर चालेल का?

मायक्रोवेव्ह गरासाठी मस्त, पाणी न घालता झाकून चार-पाच मिनिटं, वासही चांगला राहतो. फोडी टिकवायला मात्र तो वाईट, कारण ६० ते ७० चा पट्टा तो उडी मारून पार करतो.

प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० च्या आसपास जातं, तिथे जवळपास सगळ्याच जाती शरण येतात. पण सफरचंदाचा गर फेसाळतो आणि वाफेचं भोक बंद करू शकतो, कित्येक कुकरच्या माहितीपुस्तकांत सफरचंदाच्या सॉसचं नाव घेऊन सावध केलेलं असतं. अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि झटकन वाफ सोडू नका, आपोआप उतरू द्या.

उंच डोंगराळ भागात उघड्या भांड्यात शिजवत असाल तर वेळ वाढवा, साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू १ अंशाने खाली येतो.

जेली सेट झाली नाही. जातीचा दोष?

जातीपेक्षा पिकण्याचा. पूर्ण पिकलेल्या गोड फळात पेक्टिन तुटलेलं असतं आणि आम्ल कमी, दोन्ही जेलीला मारक. थोडी कच्ची, आंबट फळं घ्या, साल आणि गाभा घेऊनच उकळा, कापडातून गाळा, पिळू नका नाहीतर गढूळ होते. सेट व्हायला पेक्टिन, आम्ल आणि साखर तिन्ही लागतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण ३ च्या आसपास आणि साखर ६० ते ६५ टक्के. थर्मामीटरवर १०४-१०५ अंश आले की साखर तेवढी झाली असं समजा. गंमत म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या सफरचंदाच्या चोथ्यातूनच बाजारातलं बरंचसं पेक्टिन काढतात, संत्री-लिंबाच्या सालींच्या जोडीने.

फ्रीझरमधल्या फोडी?

बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, वितळल्या की लिबलिबीत. पायसाठी घ्यायच्या तर न वितळवता थेट घाला आणि घट्टपणाला थोडं जास्त कॉर्नफ्लोअर. गरासाठी काहीच प्रॉब्लेम नाही, उलट लवकर होतो.

दुधात घातलं तर दूध फाटलं.

आम्लामुळे. पीएच ४.६ च्या जवळ गेला की दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन गोळा होतं आणि दूध गरम असेल तर त्याच्या आधीच. सफरचंद वेगळं शिजवून, आटवून, पूर्ण गार करून गार दुधात घाला. किंवा दुधाऐवजी दाट क्रीम घ्या, त्यात प्रोटीन कमी आणि फॅट जास्त म्हणून ते सहसा फाटत नाही.

माझ्याकडे जी सफरचंदं आहेत त्यांची जात मलाच माहीत नाही. मग?

एक फळ बळी द्या. अर्धा सेंटिमीटर जाडीची एक फोड चिरा, वाटीत दोन चमचे पाण्याबरोबर झाकून मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटं ठेवा, किंवा गॅसवर उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं. बाहेर काढून काट्याने उचला. अख्खी उचलली गेली आणि नुसती वाकली तर पायला घ्या. उचलताना कडेने तुटली तर कोमट शिजवायची युक्ती करून मग घ्या. काट्यातून खालीच पडली तर सॉस करा, दुसरं काही करायच्या फंदात पडू नका. आणि तीच फोड चाखून बघा, नुसती गोड लागली तर लिंबू काढून ठेवा. दोन-तीन प्रकारची फळं असतील तर सगळ्यांची एकेक फोड एकाच भांड्यात टाका, सालीचा तुकडा ठेवला की कुठली कुणाची ते ओळखू येतं.